कुंपणाबाहेरची कबर

मागच्या रविवारी मिस्सा, म्हणजे आमची रविवारची उपासना, संपल्यावर फादरांनी सगळ्यांना चॅपेलमध्येच थांबवून घेतलं. विषय कबरस्तानाचा होता. तारेचं कुंपण गंजून जागोजागी पडलं आहे, डुकरं आत शिरतात, यंदाच्या पावसाळ्यात दोन कबरींची माती उकरली गेली. विटांची भिंत घालायची असं ठरलं आणि खर्चाचा आकडा ऐकून सगळे खाली बघायला लागले. आमची घरं सगळी मिळून तेवीस. तेवढ्यात पुढच्या बाकावरून आमच्यातलाच एक जण उठला नि म्हणाला, "एक्कावन्न हजार माह्याकडून लिहा." टाळ्या वाजल्या.

मी टाळी वाजवली नाही. तो माणूस शेकडा पाचानं पैसे देतो. हे पाच महिन्याचे, वर्षाचे नाहीत. परवाना नाही. उरलेल्या बावीस घरांना हे माहीत आहे, कारण त्यातल्या बहुतेकांनी कधी ना कधी त्याच्या ओसरीवर बसून पैसे घेतले आहेत.

फादरांनी मला विचारलं, "सचिव, तुमचं काय म्हणणं?" शेतकऱ्यांना पीककर्ज देणाऱ्या गावच्या सेवा सोसायटीचा मी अठ्ठावीस वर्षं गटसचिव होतो. तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालो, पण गावात अजून सचिवच म्हणतात. मी म्हणालो, "दोन गोष्टी आहेत फादर, पण उभ्याउभ्या सांगता येणार नाहीत." त्या इथं लिहितो.

आमचं कबरस्तान गावाच्या उत्तरेला, ई-क्लासच्या, म्हणजे सरकारी पडीक जमिनीला लागून आहे. वीस गुंठे. अरुणावती नदीच्या खोऱ्यातली काळी माती. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात कुणी गेलं तर पाणी उपसत खड्डा खोदावा लागतो. माझ्या लहानपणी भोवती बोरी-बाभळीच्या काट्यांचं कुंपण असायचं. त्या कुंपणाच्या बाहेर, आठ-दहा फुटांवर, हिवराच्या झाडाखाली मातीचा एक उंचवटा होता. त्यावर क्रूस नव्हता. २ नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, सगळे जण आत मेणबत्त्या लावायचे. आतल्या लावून झाल्या की आजी एक मेणबत्ती पदराआड धरून बाहेर जायची. मी आठ-नऊ वर्षांचा असेन, एकदा तिच्या मागं गेलो नि विचारलं, इथं कोण आहे? ती म्हणाली, "माहा भाऊ. थो बी आपलाच हाये ना रे. अंधारात काऊन राहीन?"

तिच्या धाकट्या भावानं १९६६ साली स्वतःचा जीव दिला होता. चार एकर वावर होतं, ते सावकाराकडे लागलं होतं. त्या काळी फादर दोन महिन्यांतून एकदा सायकलवर यायचे. मधल्या दिवसांत प्रार्थना, लेकरांची शिकवणी, मरणधरण सगळं गावचा धर्मशिक्षक बघायचा, आणि धर्मशिक्षक होते माझे आजोबा. बायकोच्या सख्ख्या भावाला कुंपणाच्या आत जागा नाही हा निर्णय त्यांनीच दिला. बाबा सांगायचे की खड्डाही आजोबांनी एकट्यानं खोदला, कुणाला फावड्याला हात लावू दिला नाही, आणि नंतर दोन दिवस जेवले नाहीत. आजी त्यांच्याशी त्याबद्दल मरेपर्यंत एक शब्द बोलली नाही. फक्त दर वर्षी मेणबत्ती घेऊन बाहेर जायची, आणि आजोबा तिच्याकडे पाठ करून आत उभे राहायचे.

आजोबा कठोर माणूस नव्हते. त्यांना जे शिकवलं होतं ते त्यांनी केलं. मी निवृत्तीनंतर मिशनच्या कपाटातली पुस्तकं काढून वाचायला लागलो, उरलेलं मोबाइलवर वाचलं, आणि आजोबांना काय शिकवलं गेलं होतं ते माझ्या लक्षात आलं. १९१७ साली रोमनं ख्रिस्तसभेचे, म्हणजे कॅथलिक चर्चचे, कायदे पहिल्यांदा एका पुस्तकात बांधले. त्यातलं १२४० वं कलम म्हणजे ख्रिस्ती विधीनं दफन कुणाला नाकारायचं त्याची यादी आहे. धर्म सोडून गेलेले, बहिष्कृत झालेले, द्वंद्वयुद्धात मेलेले, स्वतःचं दहन करा असं सांगून ठेवलेले, आणि जाणूनबुजून स्वतःचा जीव घेतलेले.

ही रीत १९१७ च्या फार आधीची. पोर्तुगालातल्या ब्रागा गावी ५६१ साली धर्मगुरूंची परिषद भरली होती. स्वतःचा जीव घेणाऱ्याची मिस्सामध्ये आठवण करायची नाही, त्याला स्तोत्रं म्हणत कबरीपर्यंत न्यायचं नाही, असं तिथं ठरलं. त्याच्याही आधी, पाचव्या शतकात, संत ऑगस्टीननं 'खून करू नकोस' ही आज्ञा स्वतःच्या जिवालाही लागू आहे असं मांडलं. पण ऑगस्टीन हे कधी आणि कुणासाठी लिहीत होता ते कळलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. ४१० साली रोम शहर लुटलं गेलं. लुटारूंनी बायकांवर अत्याचार केले. काहींनी जीव दिला, काही जगल्या, आणि जगलेल्यांना लोक नावं ठेवायला लागले की अब्रू गेली तरी जिवंत कशा राहिल्या. ऑगस्टीन त्या जगलेल्या बायकांच्या बाजूनं उभा राहिला. तुमचा यात काही दोष नाही, तुम्ही मरायची गरज नाही, हे त्याला सांगायचं होतं. जीव दिलेल्या बायकांबद्दलही त्याच्या लिहिण्यात कणव आहे. जगलेल्या बाईला आधार म्हणून मांडलेला विचार दीड हजार वर्षांनी आमच्या गावात मेलेल्या माणसाला बाहेर ठेवायला वापरला गेला.

शिकवण मला मान्य आहे, हे स्पष्ट सांगतो. आयुष्य आपल्या मालकीचं नाही, आपल्याकडे सोपवलेलं आहे, हे मी मानतो. ज्यांच्या घरी असं मरण झालं आहे त्यांना ते चुकीचं होतं हे वेगळं सांगावं लागत नाही. पुढची वीस वर्षं त्यांच्याच घरात बसलेली असतात.

पण १२४० व्या कलमाला एक पोटकलम होतं. संशय असेल तर बिशपांना विचारा, आणि तरीही संशय राहिला तर त्या माणसाला ख्रिस्ती विधीनंच पुरा, फक्त लोकांत गैरसमज होणार नाही एवढं बघा. म्हणजे आजीच्या भावाच्या बाजूनं कायद्यात एक दार होतं. तो शुद्धीवर होता का, त्यानं ठरवून केलं का, त्याचं डोकं ठिकाणावर होतं का, हे कुणीच विचारलं नव्हतं. धर्मशिक्षकांना यादी पाठ करवली होती, पोटकलम कुणी सांगितलं नव्हतं. अठ्ठावीस वर्षं मीही परिपत्रकं वाचून लोकांना सांगत आलो, त्यामुळे हे कसं होतं ते मला ठाऊक आहे. बंदी खालपर्यंत पोचते. सवलत वरच राहते.

१९८३ साली नवा कायदा आला. दफन नाकारण्याची यादी त्यातही आहे, ११८४ व्या कलमात, पण स्वतःचा जीव घेणाऱ्याचं नाव तिथून गेलं. आजोबा १९८१ साली वारले होते.

आता काकाचं सांगतो. माझा सख्खा काका, बाबांचा धाकटा भाऊ. पऱ्हाटी आणि तूर, कोरडवाहू. २००६ साल. त्या वर्षी जुलैत पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात येऊन गेले होते आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं होतं. त्यात थकीत कर्जावरचं व्याज माफ झालं. काकाचं सोसायटीचं व्याजही माफ झालं, यादीत त्याचं नाव मीच लिहिलं होतं. मला वाटलं, सुटला. त्याच्यावर तालुक्याच्या सावकाराचे चाळीस हजार होते हे मला माहीत नव्हतं. शेकडा पाच म्हणजे महिन्याला दोन हजार. वीस महिन्यांत व्याजच मुद्दलाएवढं होतं. तारण म्हणून सावकारानं तीन एकराचं खरेदीखत करून घेतलं होतं. आमच्याकडे असंच करतात. कागदावर कर्ज कुठंच नसतं, कागदावर वावर विकलेलं असतं.

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. काका सरकारी दवाखान्यात एक रात्र जिवंत होता. मी बाकावर बसून होतो. पहाटे तो गेला.

प्रेत घरी आणल्यावर म्हातारी माणसं आपसात बोलायला लागली. कबर कुठं खोदायची? आत की बाहेर? कुणी मोठ्यानं विचारत नव्हतं, पण सगळ्यांना हिवराचं झाड दिसत होतं. आजी तेव्हा नव्वदीला टेकलेली. ती काठी टेकत अंगणात आली नि एवढंच म्हणाली, "याले बाहेर टाकलं त मलेबी बाहेरच टाकजा."

फादर दुपारी पोचले. केरळचे होते, मराठी त्यांना तेव्हा नीट येत नव्हतं. त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. कबर आतच खोदायला लावली, पूर्ण विधी केला, आणि प्रवचनात फ्रान्समधल्या आर्स गावच्या धर्मगुरूची, संत जॉन व्हियान्नीची, गोष्ट सांगितली. एक विधवा त्यांच्याकडे आली होती. तिच्या नवऱ्यानं पुलावरून उडी घेतली होती आणि आता त्याच्या आत्म्याला गती नाही असं तिला वाटत होतं. ती काही बोलायच्या आधीच व्हियान्नी तिला म्हणाले की तो तारला गेला, पूल आणि पाणी यांच्यामध्ये त्याला पश्चात्तापाएवढा वेळ मिळाला. फादरांचे शब्द अडखळत येत होते. "पूल आणि पाणी मध्ये," असं ते दोन-तीनदा म्हणाले. काकू तोपर्यंत रडली नव्हती, तेव्हा रडली.

ती गोष्ट फक्त फादरांच्या मायेची नव्हती हे मला नंतर कळलं. १९९२ साली निघालेल्या कॅथलिक धर्मशिकवणीच्या ग्रंथात, कॅटेकिझममध्ये, २२८० ते २२८३ हे चार परिच्छेद याच विषयावर आहेत. पहिल्या दोन परिच्छेदांत शिकवण जुनीच आहे. पण पुढं म्हटलं आहे की तीव्र मानसिक त्रास, घोर चिंता, हालअपेष्टांची किंवा यातनेची मोठी भीती यांनी माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते. आणि शेवटी, अशा लोकांच्या तारणाबद्दल आशा सोडू नये. फक्त देवालाच ठाऊक असलेल्या वाटांनी तो त्यांना पश्चात्तापाची संधी देऊ शकतो, आणि ख्रिस्तसभा त्यांच्यासाठी प्रार्थना करते. हालअपेष्टांची भीती. ज्याच्या दारात सावकाराचा माणूस मोटारसायकल लावून बसतो त्याला ती काय असते ते विचारावं.

काकूला सरकारची मदत मिळाली नाही. एक लाखाची मदत होती, पण नियमात कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं लागतं, आणि ते थकीत लागतं. सोसायटीचं व्याज माफ होऊन कर्जाचे हप्ते नव्यानं पडले होते, म्हणून तिथं थकबाकी नाही. सावकाराकडे परवाना नाही, म्हणून ते कर्जच नाही. प्रकरण अपात्र. पात्र आणि अपात्र हे दोन शब्द आमच्या भागात मेलेल्या माणसाला लावतात. आजोबांच्या वेळी ख्रिस्तसभेचा कायदा विचारायला सांगायचा, शुद्धीत होता का. काकाच्या वेळी सरकारनं विचारलं, पावती आहे का.

एवढ्यावर हे लिहिणं थांबलं असतं, पण निवृत्तीनंतरच्या वाचनात मला एक गोष्ट सापडली आणि ती मला सोडत नाही. ख्रिस्ती कबरस्तानाचं दार जसं स्वतःचा जीव घेणाऱ्याला बंद होतं, तसं ते सावकारालाही बंद होतं.

११७९ साली रोममध्ये बिशपांची तिसरी लॅटरन परिषद झाली. तिच्या २५ व्या ठरावात म्हटलं आहे की जे उघड-उघड व्याजबट्टा करतात त्यांना ख्रिस्तप्रसाद द्यायचा नाही, त्याच पापात ते मेले तर ख्रिस्ती विधीनं पुरायचं नाही, आणि त्यांच्याकडून दानही घ्यायचं नाही. जो धर्मगुरू असं दान घेईल किंवा असं दफन करील त्यानं घेतलेलं परत करायचं. १२७४ च्या फ्रान्समधल्या ल्योंच्या परिषदेनं आणखी पुढं जाऊन सांगितलं की घेतलेल्या व्याजाची परतफेड होत नाही किंवा त्याची हमी मिळत नाही तोवर कबरीला जागा नाही. ओठांनी पश्चात्ताप केलेला पुरत नव्हता, पैसे परत करायला लागत. बायबलातल्या जक्कय नावाच्या जकातदारानं येशूला तेच सांगितलं होतं, कुणाचं अन्यायानं घेतलं असेल तर चौपट परत देतो.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनसनं याचं कारण दिलं ते आमच्या गावातल्या कुणालाही समजेल असं आहे. दारू किंवा गहू वापरला की संपतो. वस्तू वेगळी आणि तिचा वापर वेगळा असं तिथं करता येत नाही. मी तुला ज्वारी विकली आणि वर ती खाण्याचे वेगळे पैसे मागितले तर एकाच गोष्टीचे दोनदा घेतले. पैसाही खर्चूनच वापरता येतो, म्हणून उसन्या पैशाच्या वापराचं मोल वेगळं मागणं म्हणजे जे नाहीच ते विकणं. स्तोत्र १५ आपण मिस्सामध्ये गातो. परमेश्वराच्या मंडपात कोण राहील? त्याच्या उत्तरात आपला पैसा व्याजानं न देणारा माणूस आहे. कितीदा गायलो असेन, कधी थबकलो नाही.

मग हे गेलं कुठं? एकाएकी गेलं नाही. गरिबानं पोटासाठी घेतलेलं कर्ज आणि व्यापाऱ्यानं धंद्यासाठी घेतलेलं भांडवल यांत फरक आहे हे हळूहळू लोकांच्या ध्यानात आलं. १४६२ साली इटलीतल्या पेरुज्यात फ्रान्सिस्कन साधूंनी गरिबांसाठी तारणावर कर्ज देणारी पेढी काढली, माणसांचा पगार आणि जागेचा खर्च निघेल एवढंच घ्यायचं. त्यावरही पाप की पुण्य असा मोठा वाद झाला, आणि १५१५ साली पाचव्या लॅटरन परिषदेनं ते योग्य ठरवलं. आमची सेवा सोसायटी मला त्या पेढीच्याच कुळातली वाटते. १७४५ साली पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी इटलीच्या बिशपांना पत्र लिहून जुनी शिकवण पुन्हा सांगितली, आणि नुकसान-जोखमीसारख्या रास्त कारणांनी वर काही घेता येतं हेही मान्य केलं. एकोणिसाव्या शतकात रोमनं कळवलं की माफक, कायदेशीर व्याज घेणाऱ्याला पापनिवेदनात छळू नका. आणि १९१७ च्या पुस्तकात, ज्यात १२४० वं कलम आहे त्याच पुस्तकात, १५४३ व्या कलमानं कायदेशीर व्याजाला हरकत नाही असं म्हटलं, अवाच्या सवा नसलं म्हणजे झालं.

याला माझा विरोध नाही. माझा पगार सोसायटीच्या व्याजातून आला, लेकरं त्यावर शिकली. पण १९१७ च्या दफनाच्या यादीत स्वतःचा जीव घेणारा नाव घेऊन आहे आणि सावकाराचं नाव नाही. एका शिक्षेचे दोन मानकरी होते, त्यातला एक मागच्या दारानं निघून गेला आणि दुसरा आमच्या हिवराखाली येऊन पडला. आजीच्या भावाला बाहेर पुरलं तेव्हा ज्या सावकारामुळे तो गेला त्याचं नाव घेणारं एकही कलम आजोबांकडे नव्हतं.

आणि फरक पडायचं जे कारण होतं ते आमच्याकडे लागूच होत नाही. आमच्या गावात व्याजानं पैसे कोण काढतं? बियाण्याला पैसे नाहीत तो. बायकोचं सिझर ऐन वेळी ठरलं तो. बोंडअळीनं कापूस खाल्ला नि पोरीचं लग्न ठरलेलं आहे तो. धंदा वाढवायला कुणी शेकडा पाचानं काढत नाही. तेराव्या शतकात ज्या कर्जाला पाप म्हटलं तेच कर्ज आमच्या ओसऱ्यांवर अजून चालू आहे. आपल्या जुन्या हिंदू कायद्यातही दामदुपट होती, व्याज मुद्दलापलीकडे जाऊ नये. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्यातही ती आहे. शेकडा पाचाला ती मर्यादा विसाव्या महिन्यातच गाठली जाते.

शिकवण मात्र अजून मेलेली नाही, आणि हे सांगायलाच मी लिहायला बसलो. त्याच कॅटेकिझममध्ये, २२६९ वा परिच्छेद. ज्यांच्या व्याजखोर आणि लोभी व्यवहारांमुळे आपल्याच मानवकुटुंबातल्या भावंडांची उपासमार होते आणि मरण ओढवतं, ते अप्रत्यक्षपणे मनुष्यवध करतात, आणि तो त्यांच्या माथी लागतो. हा परिच्छेद 'चोरी करू नकोस' या आज्ञेखाली नाही. तो 'खून करू नकोस'खाली आहे. तिथून चौदा परिच्छेद पुढं गेलं की २२८३ वा येतो, काकासाठी आशा सोडू नका म्हणणारा. दोन्ही एकाच आज्ञेत, दोन-तीन पानांच्या अंतरानं. २२८३ मी तीन अंत्यविधींत ऐकला आहे. २२६९ मी एकसष्ट वर्षांत एकाही प्रवचनात ऐकला नाही.

ऐकायला मिळावं एवढं मागणं जास्त नाही. रांचीकडे धर्मगुरूंनी हे काम प्रत्यक्ष करून दाखवलं आहे. फादर कॉन्स्टंट लीवन्स हे बेल्जियमचे, जेझुइट संघाचे धर्मगुरू १८८५ नंतर मुंडा लोकांच्या जमिनींच्या खटल्यांत त्यांच्या बाजूनं उभे राहिले, आणि फादर हॉफमन यांनी १९०९ साली सावकाराच्या तावडीतून सुटायला छोटानागपूर कॅथलिक सहकारी पतसंस्था काढली. लेकरांना धर्मशिकवणीत संतांचे चमत्कार सांगतो तसं हेही सांगावं.

मी यातून सुटलेला नाही. मुदतीत फेडणाऱ्याला तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज आज शून्य टक्क्यानं मिळतं. पण आधी जुनं पूर्ण भरायचं, मगच नवं मिळतं. मार्च अखेर आली की ज्याच्याकडे पैसे नाहीत तो आठ दिवसांसाठी सावकाराकडून उचलतो, सोसायटीत भरतो, नवं कर्ज मिळालं की सावकाराचं देतो. लाखाला तीन-तीन हजार जातात. याला आम्ही 'नवं-जुनं' म्हणतो. माझी वसुली शंभर टक्के दाखवायची म्हणून मी कितीतरी लोकांना सांगितलं आहे, "कुठूनबी आन, पन एकतीसच्या आत भर." कुठूनबी म्हणजे कुठून हे मला माहीत होतं. मागच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात मी हे पापनिवेदनात सांगितलं. फादरांनी विचारलं, परतफेड कशी करणार? त्याचं उत्तर मी अजून शोधतो आहे. सध्या आठवड्यातून दोन दिवस लोकांचे सावकारी कायद्याखालचे अर्ज जिल्हा उपनिबंधकांकडे जाण्यासाठी लिहून देतो. खरेदीखतानं गेलेली जमीन परत मिळू शकते हे कित्येकांना ठाऊकच नाही.

बुधवारी मी मिशनवर गेलो आणि फादरांसमोर २२६९ उघडून ठेवला. आताचे फादर तरुण आहेत. त्यांनी दोनदा वाचला नि वहीत उतरवून घेतला. एक्कावन्न हजारांचं काय, असं मी विचारलं. फादर म्हणाले, बायबलात मत्तयच्या अठराव्या अध्यायात सांगितलं आहे, भावाचा अपराध आधी त्याला एकट्याला गाठून सांग. ते त्या माणसाकडे एकटेच जाणार आहेत. मला ते पटलं, म्हणून त्याची ओळख इथंही दिलेली नाही. तो वाईट माणूस आहे असं मी लिहीत नाही. रात्री दोन वाजता दवाखान्यासाठी त्यानं लोकांना पैसे दिलेत, जेव्हा आमच्या सोसायटीला कुलूप होतं. भिंतीला त्यानं रुपया दिला नाही तरी चालेल. ज्या चार घरांची खरेदीखतं त्याच्या कपाटात आहेत ती त्यानं परत करावीत आणि व्याजाचा हिशोब दामदुपटीवर थांबवावा. मग त्याच्या शेजारी बसून ख्रिस्तप्रसाद घेताना माझा घसा कोरडा पडणार नाही.

फादरांनी जुनं दफन रजिस्टरही काढलं. १९६६ च्या पानावर आजीच्या भावाची नोंद नाही. बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात आहे, लग्नाच्या आहे, मरणाच्या नाही. बाहेर पुरलेल्याची नोंद करायची नाही असं आजोबांनी ठरवलं असावं, किंवा त्यांचा हात धजला नसावा. फादरांनी समासात नोंद लिहिली, आजची तारीख घातली, खाली सही केली.

शनिवारी गवंडी आला. दोरी, फक्की, फीत घेऊन आम्ही पाच-सहा जण गेलो. काकूही आली, तिला नको म्हटलं तरी. गवंड्याचं म्हणणं, जुन्या खांबांच्या सरळ रेषेत भिंत घ्यावी, पाया सोपा पडतो. हिवराकडची बाजू दहा फूट बाहेर सरकवली तर दोन्ही टोकांचे मिळून वीस फूट वाढतात. जागा आपल्याच सातबाऱ्यातली आहे, मागच्या मोजणीत निघाली. वाढीव विटांचे पैसे मी देतो म्हणालो. काकू म्हणाली, "अर्धे माहे." गवंड्यानं फक्कीचं घमेलं उचललं नि विचारलं, कोपरा कुठं धरू? मी हिवराच्या पलीकडे जाऊन उभा राहिलो.